अ‍ॅक्सलचा दिवा लागेना : क्लास १०१ गाडीच्या एका फायनल ड्राइव्हचं प्रकरण

प्रकरण इंग्लंडमधल्या एका छोट्या हेरिटेज रेल्वेचं, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या रेल्वेचं आहे. मार्गाचं नाव, डब्यांचे क्रमांक आणि माणसांची ओळख मुद्दाम गाळली आहे. क्लास १०१ किंवा तिच्या भावंडांपैकी कुठलीही गाडी चालवणाऱ्या मंडळींना हा बिघाड अनोळखी वाटणार नाही. इथे लिहून ठेवण्यासारखं आहे ते एवढ्यासाठी की तीन आठवडे सगळे दिव्याशी झगडत राहिले, आणि दिवा मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

पार्श्वभूमी

क्लास १०१ ही ब्रिटिश रेल्वेच्या पहिल्या पिढीतल्या डिझेल मल्टिपल युनिटांपैकी सर्वांत चिवट जातींमधली एक. मेट्रो-कॅमेल कंपनीने बर्मिंगहॅमच्या वॉशवुड हीथ कारखान्यात १९५६ ते १९५९ या काळात हे डबे बांधले. शेवटचे संच मँचेस्टरच्या आसपास डिसेंबर २००३ पर्यंत प्रवासी वाहत होते. आज अनेक डबे हेरिटेज मार्गांवर आहेत.

'डेमू' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुणे–दौंड मार्गावर धावलेली गाडी येते. तिच्यात डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि चाकं विजेच्या मोटरींवर चालतात. क्लास १०१ तशी नाही. ही थेट यांत्रिक गाडी आहे, रुळावर ठेवलेली बसच म्हणा. मोटर डब्याच्या पोटाखाली प्रत्येकी १५० अश्वशक्तीची दोन आडवी सहा-सिलिंडर इंजिनं असतात, एईसीची किंवा लेलँडची. प्रत्येक इंजिन आपापल्या बाजूच्या बोगीचा आतला एकच अ‍ॅक्सल फिरवतं.

या रेल्वेकडे दोन डब्यांचा संच होता : एक मोटर डबा, एक इंजिन नसलेला ट्रेलर डबा. मार्ग साधारण आठ किलोमीटरचा. खालचं स्थानक सपाटीवर, तिथून बाहेर पडलं की ६० ला १ असा चढ. आठवड्याच्या मधल्या दिवसांत, वाफेचं इंजिन पेटवणं परवडत नाही तेव्हा, हीच गाडी धावायची. एक ड्रायव्हर, एक गार्ड, दिवसाला चार फेऱ्या. म्हणजे दिवसातून किमान आठ वेळा दिशा बदलायची. हा आकडा लक्षात ठेवा. मुख्य मार्गावर हीच गाडी तासभर एका दिशेने धावायची. आठ किलोमीटरच्या मार्गावर तिला तासात दोनदा तोंड फिरवावं लागतं. शिवाय वेगाची मर्यादा ताशी २५ मैल असल्याने तिसरा आणि चौथा गिअर जवळजवळ बेकार. झीज होते ती दिशा बदलणाऱ्या भागांची आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची. देखभालीचं जुनं वेळापत्रक मात्र मैलांवर बेतलेलं होतं.

यंत्रणा : दिशा नेमकी कुठे बदलते

इंजिनापासून चाकापर्यंतचा क्रम असा : इंजिन, फ्लुइड फ्लायव्हील (तेलातून जोर पुढे देणारी जोडणी), फ्री-व्हील, विल्सन पद्धतीचा चार गतींचा गिअरबॉक्स, कार्डन शाफ्ट (जोर पुढे नेणारा फिरता दांडा) आणि अ‍ॅक्सलवर बसवलेला फायनल ड्राइव्ह. गिअरबॉक्सला रिव्हर्स नाही. पुढे-मागे हा निर्णय फायनल ड्राइव्हच्या आत होतो. दोन विरुद्ध फिरणाऱ्या गिअरांच्या मधे दात्यांचा क्लच असतो. हवेच्या सिलिंडरमधला पिस्टन एका काट्याने तो क्लच या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलतो. पिस्टनला हवा सोडायचं काम २४ व्होल्टच्या इलेक्ट्रो-न्यूमॅटिक वॉल्व्हचं. काटा पूर्ण सरकला की एक स्विच लागतो.

ड्रायव्हर केबिन बदलतो तेव्हा नव्या केबिनमध्ये दिशेचा दांडा पुन्हा 'फॉरवर्ड'लाच टाकतो. उलटापालट वायरिंग करतं. या संचात मोटर डब्याच्या दोन्ही फायनल ड्राइव्हचे स्विच एकामागोमाग एक जोडलेले होते. दोन्ही अ‍ॅक्सल ठरलेल्या दिशेला पूर्ण बसले तरच ड्रायव्हरसमोरचा 'अ‍ॅक्सल' दिवा लागायचा. शेजारी 'एअर' दिवा, नियंत्रणाची हवा पुरेशी आहे हे सांगणारा. अ‍ॅक्सलचा दिवा लागला नाही तर दोनपैकी एक तरी बसलेला नाही. कोणता, ते दिवा सांगत नाही.

फ्री-व्हीलबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा, कारण पुढे तोच महागात पडला. फ्री-व्हीलमुळे गाडी उतारावर धावताना इंजिनाला ओढत नेत नाही. थ्रॉटल बंद केला की इंजिन निवांत, गाडी आपल्या वेगाने. पण ते गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला आहे. चाकं फिरली आणि फायनल ड्राइव्ह कुठल्याही एका बाजूला बसलेला असला, तर कार्डन शाफ्ट आणि गिअरबॉक्सची मागची बाजू फिरणारच. फायनल ड्राइव्ह चुकीच्या दिशेला असेल तर ती उलटी फिरणार. फ्री-व्हील त्यातलं काहीही अडवत नाही.

गिअरचं गणितही पाहून घ्या. गुणोत्तरं ४.२८, २.४३, १.५९ आणि १. त्यामुळे वरचा गिअर टाकायच्या खुणा ताशी सुमारे १५, २७ आणि ४१ मैलांवर येतात. इंजिनाची कमाल गती मिनिटाला १८०० फेरे. पहिला गिअर अडकून राहिला आणि दुसऱ्या इंजिनाने गाडी २५ मैलांवर नेली, तर त्या गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं टोक सुमारे ३००० फेऱ्यांनी फिरतं. मुख्य मार्गावर ६० मैलांना हाच आकडा ७२०० च्या घरात गेला असता. हेरिटेज मार्गाचा कमी वेग अनेक चुका पोटात घालतो, आणि त्यामुळेच त्या चुका सवयी बनतात.

अडचण

हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. खालच्या स्थानकावर ड्रायव्हरने केबिन बदलली, दांडा फॉरवर्डला टाकला, एअर दिवा लागला, अ‍ॅक्सल लागला नाही. दांडा एकदा मागे, पुन्हा पुढे. लागला. बिघाडवहीत नोंद : 'अ‍ॅक्सल दिवा उशिरा. दुसऱ्या वेळी ठीक.'

पुढच्या तीन आठवड्यांत अशा सहा नोंदी झाल्या, वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या हातच्या. 'दिवा लुकलुकतो.' 'बल्ब पाहावा.' 'दुसऱ्या वेळी ठीक.' 'तिसऱ्या वेळी ठीक.' वर्कशॉपने दोनदा बल्ब बदलला, एकदा दिव्याचा होल्डर साफ केला. नोंदीवर सही, नोंद बंद.

यातली प्रत्येक नोंद खरी होती आणि प्रत्येकीने वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेला पाठवलं. सगळ्या दिव्याबद्दल बोलत होत्या. 'फायनल ड्राइव्ह पहिल्या वेळी बसला नाही' असं एकानेही लिहिलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर फिटरने बल्बच्या डबीकडे हात नेलाच नसता.

मग एका बुधवारी दुपारी खालच्या स्थानकावर दिवा तीन वेळा करूनही लागला नाही. गाडीची वेळ झालेली, डब्यांत प्रवासी बसलेले. ड्रायव्हरने बल्बवर खापर फोडलं, पहिला गिअर टाकून थ्रॉटल एक खाच उघडला. दोन्ही इंजिनांचा आवाज चढला, गाडी कण्हल्यासारखी झाली, पण जागची हलेना. पाच-सहा सेकंदांत त्याने थ्रॉटल बंद केला. डब्याखालून गरम तेलाचा वास येऊ लागला.

काय झालं असेल ते उघड आहे. एक अ‍ॅक्सल पुढे, दुसरा मागे. दोन सारख्या ताकदीची इंजिनं एकमेकांविरुद्ध जोर लावत होती, आणि तो सगळा जोर दोन्ही फ्लुइड फ्लायव्हीलमधल्या तेलात उष्णता बनून जिरत होता. वासावरून दोषी बाजू ओळखता येत नाही, कारण दोन्ही फ्लायव्हील सारखीच तापतात. गार्डने खाली उतरून टॉर्चच्या उजेडात दोन्ही फायनल ड्राइव्हच्या आर्मची, म्हणजे काटा कुठे आहे हे बाहेरून दाखवणाऱ्या भुजेची, स्थिती पाहिली. एक नंबरचा आर्म नव्या बाजूला, दोन नंबरचा जुन्याच बाजूला.

निर्णयाचा पहिला क्षण : प्लॅटफॉर्मवर

प्रवाशांना उतरवून बसने पाठवायचं ठरलं. ते बरोबरच होतं. आता रिकामी गाडी वर शेडपर्यंत एका इंजिनावर न्यायची.

एका इंजिनावर चढ झेपेल का, हे तिथल्या तिथे मांडता येतं. दोन्ही डबे मिळून वजन सुमारे ५८ टन. ६० ला १ च्या चढावर फक्त चढासाठी एक टनाच्या थोडं खाली ओढ लागते. चाकांचा विरोध धरून साधारण १.१ टन. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला ते जड नाही. खरा प्रश्न पकडीचा. आठ अ‍ॅक्सलपैकी एकच ओढणार, त्याच्यावर भार सुमारे ८ टन. कोरड्या रुळावर वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी पकड धरली तर १.६ टन मिळतात, म्हणजे जमेल. रूळ ओला असेल, पानांचा चिखल असेल, तर ती निम्मी होते आणि चाक जागेवर गरगरतं. त्या दिवशी ऊन होतं.

चूक झाली ती यानंतर. ड्रायव्हरने विजेच्या कपाटातला दोन नंबर इंजिनाचा आयसोलेटिंग स्विच फिरवला. त्यामुळे त्या इंजिनाला थ्रॉटलचा आणि गिअरचा हुकूम जायचा थांबला, आणि या संचाच्या वायरिंगमध्ये त्या बाजूचा अ‍ॅक्सलचा स्विचही वगळला गेला. दिवा लागला! सगळं आलबेल दिसू लागलं. फायनल ड्राइव्ह मात्र अजून जुन्याच बाजूला दाते रोवून बसला होता.

गाडी निघाली. चाळीसेक मीटरवर लेव्हल क्रॉसिंगचं फाटक, तिथून गार्डने नियंत्रण कक्षाला फोन करायचा अशी पद्धत. पलीकडच्या माणसाने परवानगीऐवजी प्रश्न केला : 'पिन बसवली का?' म्हणजे फायनल ड्राइव्ह न्यूट्रलमध्ये अडकवून ठेवणारी पिन. बसवली नव्हती. ड्रायव्हरचं म्हणणं, फ्री-व्हील आहे, गिअरबॉक्स न्यूट्रलला आहे, काही होत नाही. चालण्याच्या वेगाने चाळीस मीटरला फारसं काही झालंही नाही. पण त्याच अवस्थेत गाडी चढावर पंधरा मैलांनी नेली असती, तर गिअरबॉक्सच्या आतले ड्रम आणि बेअरिंगं आठ किलोमीटर उलटी फिरली असती.

मग रीतसर केलं ते असं. दोन्ही इंजिनं बंद. हँडब्रेक, चाकांना ठोकळे. गार्ड केबिनपाशी उभा, कोणी काही चालू करू नये म्हणून. ड्रायव्हरने खाली उतरून दोन नंबरचा फायनल ड्राइव्ह हाताने मधल्या, न्यूट्रल स्थितीत आणला आणि पिनेने अडकवला. पिन हलवून पाहिली. मगच एक नंबर इंजिन चालू. दोन नंबरही नुसतं आयडलवर ठेवलं, कारण ब्रेकचा व्हॅक्यूम ओढणारा त्याचा एक्झॉस्टर हवा होता. एकाच एक्झॉस्टरवर ब्रेक सुटायला बराच वेळ लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये शेडला पोचली.

पर्याय

त्या संध्याकाळी चार पर्याय मांडले गेले.

पहिला, फायनल ड्राइव्ह पिनेवर ठेवून हंगाम एका इंजिनावर काढायचा. रेल्वेच्या सचिवांना हा आवडला, वर्कशॉपला नाही. वरचं पकडीचं गणित पावसाच्या दिवशी उलटतं, आणि उरलेलं इंजिन रुसलं तर प्रवाशांसकट गाडी मधेच उभी.

दुसरा, शेडमागे सुट्या भागांसाठी ठेवलेल्या डब्यातून अ‍ॅक्सलसकट फायनल ड्राइव्ह काढून इथे बसवायचा. डबा जॅकवर उचला, बोगी बाहेर ओढा, चाकजोड बदला. स्वयंसेवकांच्या हातांनी दोन-तीन आठवडे. शिवाय त्या डब्याच्या फायनल ड्राइव्हमध्ये वर्षानुवर्षं पाणी शिरलं नसेल याची खात्री कोण देणार? चाकांचा व्यासही जुळवावा लागतो. झिजलेल्या चाकाशेजारी नवं चाक दिलं तर दोन इंजिनांचा बोजा विषम होतो.

तिसरा, जागेवरच दुरुस्ती. खड्ड्यावर गाडी उभी करून वॉल्व्ह, सिलिंडर, काटा, स्विच, वायरिंग असं एकेक तपासत जायचं.

चौथा, गाडी बंद ठेवून वाफेवर फेऱ्या. कोळशाचा आणि माणसांचा खर्च पाहता तो तासाभरात बाजूला पडला.

तिसरा ठरला, दोन शनिवार-रविवारच्या मुदतीवर. दाते मोडलेले निघाले तर सरळ दुसऱ्यावर जायचं. मुदत घातली हे फार चांगलं झालं. अशा कामांना अंत नसतो.

कारवाई : पहिला आठवडा आणि खोटं यश

पहिल्या शनिवारी विजेची बाजू तपासली. दिव्याची जोडणी ठीक. फायनल ड्राइव्हवरचा स्विच मल्टिमीटरवर स्वच्छ. वॉल्व्हच्या कॉइलपाशी व्होल्टेज मोजलं तर २० च्या आसपास, बॅटरीपाशी २४. जंक्शन बॉक्स उघडला. एक रिंग टर्मिनल हिरवं पडलेलं, हात लावला तर हलत होतं. वायर मागे कापून नवं टर्मिनल दाबून बसवलं. कॉइलपाशी व्होल्टेज जवळजवळ बॅटरीइतकं आलं.

मग शेडमध्ये इंजिनं चालू ठेवून बारा वेळा दिशा बदलली. बाराही वेळा दिवा झटक्यात लागला. मंडळींनी चहा घेतला, वहीत 'खराब टर्मिनल, बदललं' अशी नोंद केली आणि गाडी सोमवारी धावायला दिली. गुरुवारी खालच्या स्थानकावर दिवा पुन्हा रुसला. या खेपेला ड्रायव्हरने दोन प्रयत्नांनंतर हात थांबवला, पिन बसवली आणि मगच गाडी हलवली.

हिरवं टर्मिनल हा खरा दोष होता. पण ज्याचा शोध चालला होता तो दोष हा नव्हता. एक दोष सापडला की हाच तो, असं मानायचा मोह फार जबर असतो, विशेषतः रविवारी संध्याकाळी.

निर्णयाचा दुसरा क्षण : वही उघडली

सुटे भाग आणखी उचकटण्याआधी एका स्वयंसेवकाने वहीतल्या नोंदींशेजारी त्या दिवसांचं वेळापत्रक मांडलं. सगळे बिघाड खालच्या स्थानकावर. वरच्या स्थानकावर एकही नाही, दिशाबदल दोन्हीकडे सारखेच असून.

याचे दोन अर्थ निघत होते. एक : खालून निघताना पिस्टनची एक ठरावीक बाजू वापरली जाते, तीच बाजू गळत असावी. दोन : खालच्या स्थानकावर काहीतरी वेगळं घडतंय.

दुसऱ्याचं उत्तर चौकशीत मिळालं. स्थानकाशेजारच्या घरांनी धुराची तक्रार केल्यामुळे त्या हंगामापासून खाली वीस-पंचवीस मिनिटांच्या थांब्यात इंजिनं बंद करायची असा नवा नियम आला होता. वर थांबा सहा मिनिटांचा, तिथे इंजिनं चालूच. हा नियम वाहतूक विभागाने काढला. वर्कशॉपला तो कोणी कळवला नव्हता, आणि कळवावं असं त्यात काही आहे हे कोणाला वाटलंही नाही.

इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. कुठे बारीक गळती असेल तर वीस मिनिटांत टाकीतली हवा उतरते. ड्रायव्हर परत येतो, इंजिनं चालू करतो, लगेच दांडा टाकतो. हॉर्नही त्याच हवेवर वाजतो. निघण्याआधी तो वाजवून पाहायची सवय असलेला ड्रायव्हर उरलेली हवा आणखी खाली नेतो. शेडमधल्या बारा चाचण्या पूर्ण भरलेल्या टाकीवर झाल्या होत्या. त्यांत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या शनिवारी शेडमध्ये खालचं स्थानकच उभं केलं : इंजिनं तासभर गरम करून बंद, वीस मिनिटं थांबून चालू, एअर दिवा लागताच दांडा. दोन नंबरचा काटा अर्ध्यावर अडकला. हेच दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा केलं. दोन्हीकडे ढिसाळ, पण खालून निघायची बाजू जास्त वाईट. म्हणजे आधीचे दोन्ही अंदाज आपापल्या परीने खरे होते.

आणखी एक गोष्ट हाती लागली. एअर दिव्याचा प्रेशर स्विच अपेक्षेपेक्षा खालच्या दाबालाच लागत होता. निरोगी सिलिंडर त्या दाबावर कसाबसा चालला असता, गळका नाही. ड्रायव्हर मंडळी एअर दिव्यावर विसंबून होती, आणि शेजारच्या गेजकडे कोणी बघत नव्हतं.

कारवाई : उघडून दुरुस्ती

गाडी खड्ड्यावर, बॅटरी तोडलेली, हवेच्या टाक्या रिकाम्या. हवेची टाकी रिकामी केल्याशिवाय या सिलिंडरजवळ बोट नेऊ नये. वॉल्व्ह चुकून उचलला गेला तर काटा बोटाची वाट बघत नाही.

सिलिंडर उघडल्यावर पिस्टनचं सील हातात आलं ते वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखं. कडा कडक, एका बाजूला नखभर चीर. सिलिंडरची भिंत बऱ्या अवस्थेत होती, फक्त तेल-पाण्याचा चिकट थर. तो पुसून काढला, नवी सीलं बसवली. वॉल्व्ह उघडून बैठका साफ केल्या. एका बैठकीत गंजाचा कण अडकला होता, टाकीतलं पाणी नियमित न काढल्याचा पुरावा. हवेच्या पाइपांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. दोन सांधे फेसाळले, तेही आवळले.

तपासणीच्या झाकणातून क्लचचे दाते पाहिले. एका बाजूच्या दोन दात्यांचे कोपरे उडालेले, बाकीच्यांच्या कडा गोलावलेल्या. अर्धवट गुंतून दांडा मागे-पुढे करत राहिल्याची ही सही. चुंबकी प्लगला बारीक पोलादी चुरा, पण मोठा तुकडा नाही. कडांचे काटे घासले, जुनं तेल काढून नवं भरलं, आणि हिवाळ्यात हा फायनल ड्राइव्ह बाहेर काढायचा असं ठरवलं. दोन्ही फ्लुइड फ्लायव्हीलची पातळी पाहिली. दोन नंबरचं ग्लँड सील त्या बुधवारच्या उष्णतेने पाझरू लागलं होतं. तेल भरून दर आठवड्याला पातळी बघायची नोंद लावली. प्रेशर स्विच योग्य दाबावर बसवला.

परत तीच चाचणी : वीस मिनिटं बंद, चालू, दांडा. दहा वेळा, दोन्ही दिशांना. या वेळी दांडा टाकल्यावर गार्डच्या जागी उभ्या असलेल्या माणसाने खालून दोन्ही आर्म प्रत्यक्ष पाहिले; दिव्यावर भिस्त ठेवली नाही.

चालवण्याच्या पद्धतीत तीन बदल केले :

१. खालच्या स्थानकावर पोचल्यावर इंजिनं लगेच बंद करायची नाहीत. आधी केबिन बदलायची, हवा भरलेली असतानाच दिशा बदलायची, अ‍ॅक्सल दिवा पाहायचा, मग इंजिनं बंद. सरकलेला काटा जागेवर राहतो. निघताना दिवा पुन्हा पाहायचाच.

२. दिवा लागला नाही तर गेज पाहून दोनच प्रयत्न, आणि त्या वेळी इंजिन आयडलवर, गाडी पूर्ण थांबलेली. दात्यावर दाता आला असेल तर दुसऱ्या प्रयत्नाआधी क्षणभर पहिला गिअर टाकून पुन्हा न्यूट्रलला आणायचं; शाफ्ट जरासा फिरतो आणि दाते खाचेत पडतात. गाडी सरकवून दाते बसवायचे नाहीत.

३. स्विचने आयसोलेट केलं म्हणजे अर्धं काम झालं. पिन बसेपर्यंत गाडी एक मीटरही हलवायची नाही.

परिणाम

हंगामाच्या उरलेल्या काळात अ‍ॅक्सल दिव्याची एकही नोंद झाली नाही. हिवाळ्यात बोगी काढली. सुट्या भागांच्या डब्यातल्या फायनल ड्राइव्हच्या बेअरिंगांवर, भीती होती तसा, गंज निघाला. पण त्याचा क्लच निर्दोष होता. दोन्हींमधून एक चांगला जुळवला. फ्लायव्हीलचं ग्लँड सीलही त्याच वेळी बदललं. उलट्या फिरलेल्या गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ निघालं. त्याचं श्रेय फाटकावरच्या त्या फोनला.

वेगळं काय करता आलं असतं

बिघाडवहीतला रकाना बदलायला हवा होता आणि तो नंतर बदलला. आता ड्रायव्हरला चार गोष्टी लिहाव्या लागतात : स्थानक, इंजिनं किती वेळ बंद होती, गेजवरचा दाब, आणि कोणता आर्म कुठे होता. पहिल्या दोन नोंदींत एवढं असतं तर तिसरी बहुधा झालीच नसती. 'दुसऱ्या वेळी ठीक' ही नोंद आता स्वीकारली जात नाही. पहिल्या वेळी का नाही, हेच तर विचारायचं आहे.

ड्रायव्हरच्या चुकीवर बरीच चर्चा झाली. प्रशिक्षणात फ्री-व्हील शिकवलं जायचं ते 'इंजिनाला वाचवतं' या एका वाक्यात. ते कुठे बसवलंय हे खड्ड्यात उतरून, हात लावून कोणी दाखवलं नव्हतं. आता नव्या ड्रायव्हरला पिन स्वतःच्या हाताने बसवून दाखवावी लागते, तीही पावसाचा कोट घालून, प्लॅटफॉर्मच्या उलट बाजूने. कारण खऱ्या वेळी ती तशीच बसवायची असते.

इंजिनं बंद करायचा नियम चूक नव्हता. शेजाऱ्यांची तक्रार रास्त होती. त्या नियमाने सील फाडलं नाही, सील आधीच मरणपंथाला लागलं होतं. नियमाने ते उघडं पाडलं इतकंच. वाहतुकीच्या वेळापत्रकातला कुठलाही बदल वर्कशॉपच्या फळ्यावर लागायला हवा, हे मात्र त्यानंतर ठरलं.

एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. दोन फायनल ड्राइव्हना दोन वेगळे दिवे असावेत, म्हणजे दोषी बाजू केबिनमधूनच कळेल, असं वर्कशॉपचं म्हणणं. त्याला विरोध करणारे म्हणतात, हा संच 'ब्लू स्क्वेअर' जोडणीचा आहे. त्याच खुणेच्या दुसऱ्या कुठल्याही डब्याला केबल लावून तो चालला पाहिजे, मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. सध्या तोडगा म्हणून डब्याखाली, प्रत्येक फायनल ड्राइव्हजवळ, एकेक छोटा दिवा स्वतंत्र स्विचवर लावला आहे. तो केबिनमधून दिसत नाही. गार्डला वाकून पाहावं लागतं, आणि वाकल्यावर आर्मही दिसतोच.